सुटला की सोडला?

…आणि वर मलाच विचारतात, "त्र्यंबकराव, खरं सांगा, सुटला की सोडला?" अहो, मला ठाऊक असतं तर मी गेले तीन आठवडे चोरासारखा मागच्या बोळातनं घरी आलो असतो का? सरळ वाटेनं यावं म्हणलं तर कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला डोळ्यांपुढची काच वर करतो, "सार, सुटला की सोडला?" त्याच्या पुढचा शिंपी, त्याच्या तोंडात टाचण्या, तो टाचण्या न काढता विचारतो, "शुत्ला की शोल्ला?" लष्कर मोहल्ल्यात माणसं कामं कधी करतात, मला कळत नाही! दिवसभर हातोड्यांचा आवाज येत असतो, मी दिसलो की बंद. सगळा मोहल्ला शांत. एक प्रश्न. आणि मग परत ठाण ठाण ठाण!

थांबा, तुम्हाला मुळापासनं सांगतो, नाही तर तुम्हीही त्यांच्यासारखेच मला गुन्हेगार समजून बसाल.

मी मूळचा मिरजेचा. दोन हजार तीन साली इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून म्हैसूरला आलो, म्हणलं दोन वर्षं काढू आणि परत जाऊ… मग काय, राहिलो! कारखान्यात मी क्वालिटीत आहे. म्हणजे काय, तर दिवसभर लोखंडी बुशिंगा गेजमध्ये घालून बघायच्या. आत गेली, पास. नाही गेली, रिजेक्ट. बुशिंग काही म्हणत नाही. बुशिंगेची आई येऊन रडत नाही. बुशिंगेच्या मनात काय होतं, हे मला कोणी विचारत नाही! असं सुखाचं काम सोडून माणसानं रविवारी शिट्टी गळ्यात का अडकवावी? पण कॉलेजात बास्केटबॉल खेळलो होतो, गुडघे गेले, खेळ सुटेना, मग रेफरीची परीक्षा दिली. बायको, सिंधू, तेव्हाच म्हणाली होती, "अहो, घरात तुमचं कोणी ऐकत नाही म्हणून बाहेर शिट्टी फुंकायला जाताय का?" मी म्हणलं, तसं नाही. तसंच होतं.

आता बास्केटबॉलमध्ये एक गुन्हा असतो, ट्रॅव्हलिंग. नाव ऐकून वाटतं टूर कंपनी आहे! पण अर्थ साधा. चेंडू हातात धरून मनाला येईल तशी पावलं टाकायची नाहीत. चेंडू घेऊन उडी मारलीत? मारा. पण पाय परत जमिनीला टेकायच्या आत तो हातातनं गेला पाहिजे, एक तर जोडीदाराकडं, नाही तर बास्केटकडं. चेंडूसकट खाली आलात की ट्रॅव्हलिंग. इथपर्यंत शेंबड्या पोरालाही कळतं. पुढं ऐका. हवेत असताना चेंडू तुम्ही मुद्दाम खाली टाकलात आणि उतरून परत उचललात, तर? तेही ट्रॅव्हलिंग, कारण ती लबाडी झाली. पण टाकला नाही, घामानं निसटला, तर? गुन्हा नाही, उचला आणि खेळा. आणि समोरच्याचा हात लागून उडाला, तर? मग तर मुळीच नाही!

म्हणजे बघा, तोच चेंडू, तीच उडी, तोच टप्पा. बाहेरनं सगळं एकसारखं. फरक कुठं? खेळणाऱ्याच्या मनात! आणि ते मन बघायला मला वेळ किती? अर्धा सेकंद! अहो, सव्वीस वर्षं संसार करून बायकोच्या मनातलं मला कळत नाही, आणि एकोणीस वर्षांची अनोळखी पोर हवेत उडालेली असताना तिच्या मनातलं मी ओळखायचं? रूलबुकात रेघेची जाडी दिलीय, बोर्डाची उंची दिलीय, चेंडूत हवा किती भरायची तेही दिलंय… आणि या एका ठिकाणी येऊन पुस्तक म्हणतं, बघा बुवा तुम्हीच, सुटला की सोडला!

तर ती फायनल. रविवार सकाळ. जिल्ह्यातनं राज्य स्पर्धेला मुलींचा एकच संघ जाणार, हुबळीला. म्हणजे जिंकेल तो जाणार, हरेल तो घरी, मधलं काही नाही. एका बाजूला म्हैसूरच्या एका क्लबाच्या मुली, बूट चकाचक, पाण्याच्या बाटल्यांवर सुद्धा नावं. दुसऱ्या बाजूला कृष्णराजनगरच्या. तालुक्याचं गाव, चहूकडं भातशेती, तिथला पी. टी. मास्तर संकर्षण यानं चार वर्षं घासून तयार केलेला संघ. यांना कोर्ट नाही. भात वाळवायचं सिमेंटचं खळं आहे, त्यावर चुन्यानं रेघा मारून खेळतात, आणि सुगीचे दोन महिने खळ्यावर भात पसरला की खेळ बंद. फायनलला पहिल्यांदाच आलेल्या. दोन टेम्पो भरून माणसं आली होती बघायला. बायका, म्हातारे, एक माणूस तर चक्क नगारा घेऊन!

आणि काय खेळल्या हो! शेवटची सहा सेकंदं राहिली. म्हैसूर एक्कावन्न, कृष्णराजनगर पन्नास. चेंडू अनुषाकडं. अनुषा म्हणजे त्यांची कॅप्टन, काटकुळी, उंच, चेहऱ्यावर एक रेघ हलणार नाही अशी. ती सुटली. एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं, चेंडू दोन्ही हातांत घेतला, उडाली! समोरनं म्हैसूरची वल्लरी उडाली. दोघी हवेत. आणि अनुषाच्या हातातनं चेंडू गेला… खाली! टप्पा पडला. अनुषा उतरली, चेंडू उचलला, आणि उचलला तसा वर टाकला. चेंडू हवेत असताना माझी शिट्टी वाजली. तो गेला बास्केटमध्ये. भोंगा वाजला. नगारा वाजला. आणि मग सगळ्यांना कळलं की शिट्टीसुद्धा वाजलीय, आणि सगळे थांबले. नगारासुद्धा.

आता तुम्हाला खरं सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही… शिट्टी मी फुंकली तेव्हा कशासाठी फुंकतोय हे मला माहीत नव्हतं. हो! तोंडानं फुंकली. डोकं मागनं आलं. पंधरा वर्षांची सवय, काहीतरी वाकडं दिसलं की फुर्रर्र! आणि मग पाचशे माणसं माझ्याकडं बघतायत, आणि मी मनात विचारतोय, त्र्यंबक, का रे वाजवलीस? सुटला की सोडला?

दुसरा रेफरी चिदंबर, तो टी. नरसीपूरचा, शांत माणूस, तो लांब अर्ध्या रेघेवर. मी त्याच्याकडं धावलो. "चिदंबर, काय दिसलं?" तर तो आपला हात जोडल्यासारखा करून म्हणतो, "सार, मी त्या दुसऱ्या दोघींकडं बघत होतो. धक्काबुक्की चालली होती. हे तुमचं." हे तुमचं! जसं काय कुणी बसमध्ये पिशवी विसरलंय आणि मला आणून देतोय!

मग मी डोळे मिटले, परत ती उडी आठवली. मला वाटलं, हाताचे तळवे खाली वळले होते. वाटलं! निसटणारा हात असा उघडा पडतो, टाकणारा हात खाली वळतो. मी दोन्ही हात वर घेतले, मुठी गरगर फिरवल्या. ट्रॅव्हलिंग. बास्केट रद्द. म्हैसूर जिंकलं.

पुढचं काय सांगू. संकर्षण मास्तर टॉवेल जमिनीवर आपटून ओरडत होता, "सार, निसटला तो! आंधळ्यालाही दिसेल!" नगारेवाला रडत होता. एवढा मोठा मिशीवाला माणूस, नगाऱ्यावर डोकं ठेवून! मला शिव्या पडल्या, पडणारच, शिव्यांना मी घाबरत नाही, मिरजेत वाढलोय. पण ती अनुषा… ती काहीच बोलली नाही हो. कमरेवर हात ठेवून उभी राहिली, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि जाऊन वल्लरीच्या हातात हात दिला. एकदाच बघितलं! भांडली असती तर मी मोकळा झालो असतो. टेक्निकल फाऊल दिला असता, घरी आलो असतो, जेवलो असतो. पण ते बघणं… गेजमध्ये बसेना हो ते.

मी सामन्याच्या कागदावर सही केली. सही केली की रेफरीचा त्या सामन्याशी संबंध संपतो, असा नियम आहे. स्वच्छ लिहिलंय. लिहिणाऱ्याला कृष्णराजनगरचं कोणी माहीत नसणार.

बक्षीस समारंभ झाला, मी स्कूटरजवळ आलो, किल्ली लावतोय तर मागनं आवाज, "अंकल." वल्लरी. गळ्यात सोन्यासारखं मेडल, आणि चेहरा असा की आत्ता रडेल. ही म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातली, चार पिढ्या इथं, घरात मराठी बोलतात पण निम्मी कन्नड, आणि तिच्या पिढीला उरलेली निम्मीसुद्धा नीट येत नाही. माझ्याशी मात्र बिचारी हट्टानं मराठीत बोलते. म्हणाली, "अंकल, माझी बोट लागली."

मी म्हणलं, "काय? बोट लागली?" अहो, आमच्याकडं बोट लागणं म्हणजे समुद्रात जहाजावर मळमळणं! म्हैसुरात कुठला समुद्र? मला वाटलं, उन्हात खेळून पित्त झालं असेल. मी डिकीतनं आवळ्याची सुपारी काढली. "घे, बरं वाटेल." ती म्हणते, "नाही अंकल, बोट! बोट!" मी म्हणलं, "हो गं, बस सावलीत, खाली डोकं कर." शेवटी तिनं माझ्या नाकासमोर बोट धरलं. "ही! ही बोट! बॉलला लागली. अनुषा जंप केली तेव्हा. थोडीच लागली. पण लागली."

माझ्या हातातली सुपारी तशीच राहिली.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"सगळे मला उचलले, अंकल. आणि मला वाटला, तुम्ही बघितले असतील. तुम्ही रेफरी ना."

तुम्ही रेफरी ना! ऐकलंत? या पोरीनं जिंकलेलं मेडल मुठीत धरून येऊन मला सांगितलं की आपलं जिंकणं खोटं आहे, आणि वर तिला खात्री की मला दिसलं असणार! बोट लागलं असेल तर ट्रॅव्हलिंग नाही. ट्रॅव्हलिंग नाही म्हणजे बास्केट खरं. बास्केट खरं म्हणजे बावन्न-एक्कावन्न, कृष्णराजनगर हुबळीला! मी स्कूटर तशीच सोडून पळालो. स्पर्धेचे सेक्रेटरी तिरुमलराव मांडववाल्यावर ओरडत उभे होते. मी म्हणलं, "तिरुमलराव, चूक झाली. माझा निर्णय चुकला. मागे घेतो." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं काय मी मांडवाचा खांब आहे आणि बोलायला लागलोय.

"सही केलीत ना, सार?"

"केली. पण…"

"मग सामना संपला. बेंगळूरला नाव कळवलं. पाहुणे गेले. कपावर नाव घालायला माणूस कप घेऊन गेला. आता तुम्ही कोण?"

आता मी कोण! नियमानं बरोबर आहे त्यांचं. मी म्हणलं, "निदान लिहून घ्या." ते म्हणाले, "लिहून द्या हो, जरूर द्या. मी फायलीला लावतो." आणि फाईल या शब्दावर त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की मला कळलं, आता हे प्रकरण कुणालाही दिसणार नाही.

तिथनं सुरू झालं बघा. कारखान्यात गेजमध्ये बुशिंग घातली, आत गेली, तरी मी बाहेर काढून परत घातली. परत आत गेली. तिसऱ्यांदा घालायला लागलो तर साहेब म्हणाला, "त्र्यंबक, ती पास आहे रे, सोड तिला." सोड म्हणला! मला घाम फुटला. आमचे घरमालक फत्तेसिंगराव, वय ऐंशी, खाली राहतात, त्यांचे आजोबा इथंच जन्मले. त्यांचं मराठी म्हणजे निम्मं कन्नड. ते जिन्यात गाठून म्हणाले, "त्र्यंबकराव, कशाला तलेला, डोक्याला त्रास करून घेता? शिट्टी मारला, झाला, अष्टे, बस! कोणी विचारला तर सांगा, गोत्तिल्ला. मला नाही माहीत, अष्टे!" आता तुम्हीच सांगा, रेफरीनं 'गोत्तिल्ला' म्हणून कसं चालेल? न्यायाधीशानं निकाल वाचायचा आणि शेवटी म्हणायचं, बाकी खरं काय ते गोत्तिल्ला?

मी जो भेटेल त्याला सांगत होतो. वल्लरीचं नाव घेत नव्हतो, पण बोट लागलं म्हणे, बोट लागलं म्हणे, असं सांगत होतो. त्यामुळंच तर सगळ्या मोहल्ल्याला कळलं! आठव्या दिवशी सिंधूनं ताट माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "अहो, ज्या पोरीला सांगायचं ती सोडून सगळ्या जगाला सांगून झालं तुमचं. आमटीत मीठ जास्त झालंय, ते मी तुम्हाला सांगू की शेजारच्या काकूंना?" आमटी खरंच खारट होती. पण मुद्दा बरोबर होता.

मग गेलो. रविवारची बस पकडली. खळं शोधायला वेळ लागला नाही, चेंडूच्या आवाजावरनं गेलो. मी दिसलो आणि चेंडू थांबला. बारा मुली ओळीनं माझ्याकडं बघतायत. संकर्षण मास्तर पुढं आला, "बन्नी सार, या. आज काय रद्द करायला आलात?" बोलायचा हक्क होता त्याचा.

मी म्हणलं, मला बोलायचंय. तर त्या आधी अनुषाची आई आली, तिचं घर खळ्याला लागूनच. आठवडाभर मला शिव्यांची लाखोली वाहणारी बाई, हे मला तिनंच नंतर सांगितलं, पण दारात माणूस आला म्हणल्यावर म्हणते काय, "ऊटा माडी!" आधी जेवा! अहो, माफी मागायला आलोय, जेवायला नाही! पण ऐकतंय कोण. रागी मुद्दा, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, अवरेकाळूची म्हणजे पावट्याची आमटी, वर तूप. आणि बारा मुली समोर बसून मी घास कसा गिळतो ते बघतायत! मुद्दा चावायचा नसतो, गिळायचा असतो, आणि मी आपला चावतोय! शेवटी ताट हातात घेऊनच उभा राहिलो आणि बोललो. माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये. म्हणलं, "मला वाटतं माझी चूक झाली. चेंडूला हात लागला होता असं मला नंतर समजलं. तुम्ही जिंकला होता. मी लिहून दिलंय, त्याचा उपयोग होणार नाही. मी माफी मागायला आलोय."

एक कोंबडी फिरत होती तीसुद्धा थांबली. आणि मग संकर्षण मास्तरानं माझ्या हातातलं ताट घेतलं, म्हणाला, "बसा सार. अजून एक वाढा यांना." त्याचे डोळे भरले होते. माझेही. एवढं हलकं मला चाळीस वर्षांत वाटलं नव्हतं. म्हणलं, संपलं! त्र्यंबक, सुटलास!

संपतंय कुठलं!

अनुषा मला स्टँडपर्यंत सोडायला आली. दोघंच. कालव्याच्या पुलावर आली आणि थांबली. म्हणाली, "सार, मी सोडला."

मी म्हणलं, "काय सोडलं? शिक्षण?"

"चेंडू, सार. निसटला नाही. मी सोडला."

तुम्हाला सांगतो, खाली कालव्याचं पाणी वाहत होतं आणि मला वाटलं, आता खरंच बोट लागते की काय! ती पोर बोलत राहिली, एकसारखं, खाली बघून. "हवेत गेले तर पास द्यायला कोणी नव्हतं. शॉट मारावा तर वल्लरी समोर. खाली उतरले असते तर ट्रॅव्हलिंग. म्हणून सोडला. सुटल्यासारखा दिसेल असा सोडला. आमच्या खळ्यावर भाताचा कोंडा असतो, चेंडू सारखा हातातनं निसटतो, त्यामुळं निसटलेला कसा दिसतो ते मला चांगलं माहीत आहे. तुम्ही पकडलंत. मी तेव्हा तुमच्याकडं बघितलं, आठवतं? मला वाटलं, या माणसाला कसं कळलं!"

कसं कळलं! त्या एका नजरेनं मी आठ दिवस जळतोय, आणि ती नजर कौतुकाची होती!

मी म्हणलं, "अगं, पण मग वल्लरीचं बोट?"

ती गोंधळली. "लागलं असेल. मला काहीतरी लागल्यासारखं झालं होतं. पण मी सोडताना लागलं, की सोडल्यावर लागलं… की लागलं म्हणून मी सोडला… सार, आधी मला पक्कं माहीत होतं. आता तुम्ही आलात, माफी मागितलीत, आणि आता मलाच कळत नाही."

घ्या! म्हणजे जी जिंकली ती येऊन सांगते, मी हरले होते. जी हरली ती सांगते, मी हरायलाच हवं होतं. दोन पोरी, दोघी स्वतःच्या विरुद्ध साक्ष देतायत, दोघी खऱ्या, आणि मध्ये मी, शिट्टी गळ्यात! कुठल्या पुस्तकात याचा नियम आहे? चोर आणि साव ओळखायला शिकलो हो मी. दोन साव समोर आले तर काय करायचं, हे कोणी शिकवलं नाही.

ती म्हणाली, "मी आज संध्याकाळी सगळ्यांना सांगते. मास्तरांनाही. आठ दिवस तुम्हाला शिव्या देतायत सगळे, मी ऐकत बसले." आणि इथं, तुम्हाला सांगतो, माझी पंचाईत झाली. सांग म्हणावं, तर त्या अकरा पोरींना आत्तापर्यंत निदान एवढं होतं की आपण जिंकलो होतो, एका आंधळ्या म्हाताऱ्यानं घालवलं. ते काढून घ्यायचं? आणि त्या जागी त्यांची कॅप्टन ठेवायची? सांगू नको म्हणावं, तर एवढं खरं बोलणाऱ्या पोरीला मी काय शिकवतोय? मी तोंड उघडलं, आणि बस आली. कंडक्टर ओरडायला लागला. मी चढलो. खिडकीतनं फक्त हात हलवला. तो 'सांग' असा हलवला की 'नको' असा, हे तिला कळलं नसणार, कारण मलाही ठरवता आलं नव्हतं.

मधल्या आठवड्यात म्हैसूरच्या मुली हुबळीला जाऊन पहिल्याच सामन्यात हरून आल्या. वल्लरीचा फोन आला. "अंकल, तिथं चेंडू बाहेर गेला, रेफरी आम्हाला दिला. मी लगेच सांगितली, माझी बोट लागली. कोच खूप ओरडला." आणि हसली. मी म्हणलं, "शाब्बास. पण माझं बोट लागलं म्हणायचं गं." ती म्हणाली, "तुमचं नाही अंकल, माझी!"

आणि काल सकाळी संकर्षण मास्तराचा फोन. मी घाबरतच उचलला. तो म्हणाला, "सार, अनुषानं आम्हाला सगळं सांगितलं. मी सोडला म्हणते."

"मग? मुली काय म्हणाल्या?"

"कोणाचाच विश्वास नाही!"

"अं?"

"अहो सार, तुम्ही आमच्याकडं जेवलात, रडलात, म्हातारा माणूस. तिला तुमची दया आली! तुमच्यावरचा डाग पुसायला पोर स्वतःवर घेतेय. आम्हाला काय कळत नाही का? तिची आई तर म्हणाली, असं मन कुणाचं असतं! परवा खळ्यावर तिचा सत्कार केला आम्ही!"

सत्कार! मी म्हणलं, "मास्तर, ती खरं सांगतेय." तो म्हणाला, "बघा, तुम्हीही तिला सांभाळून घेताय. दोघंही मोठ्या मनाची माणसं." आता बोला! खरं बोलून बोलून पोरगी थकली आणि गावानं तिच्या गळ्यात हार घातला. ती नंतर फोनवर आली, रडवेल्या आवाजात म्हणाली, "सार, आता काय करू?" मी म्हणलं, "खेळत राहा." याहून शहाणपणाचं सुचलं नाही. ती "बरं सार" म्हणाली.

संध्याकाळी मास्तरानंच व्हिडिओ पाठवला. आजपर्यंत कुणाला माहीत नव्हता, नगारेवाल्याच्या मेहुण्यानं बास्केटच्या मागनं घेतलेला. खाली मास्तरानं लिहिलेलं, 'सार, आता तुम्हीच बघा आणि काय ते ठरवा, आम्ही मानू.' सिंधूला हाक मारली, तिनं चष्मा पुसला, दोघं शेजारी बसलो. अनुषा सुटली. एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं. चेंडू धरला. उडाली. वल्लरी उडाली. चेंडूजवळ हात आला… आणि तेवढ्यात डावीकडनं एक रुंद राखाडी काहीतरी सरकत आलं आणि सगळं झाकलं! पडदाभर राखाडी! मग ते बाजूला झालं, तेव्हा चेंडू जमिनीवर. मी मागे घेतलं. हळू केलं. मोठं केलं. थांबवलं. अकरा वेळा बघितलं. त्या अर्ध्या सेकंदात दोन्ही पोरींच्या, चेंडूच्या आणि सत्याच्या बरोब्बर मधोमध कोण उभं आहे? मी! माझी पाठ!

मी फोन खाली ठेवला. सिंधूनं तो उचलला, आणखी एकदा बघितला, अगदी डोळ्यांजवळ धरून, मी मुठी गरगर फिरवतोय तिथपर्यंत. मला वाटलं, हिला काहीतरी दिसलं. बायकांची नजर असते. विचारलं, "काय गं? काय दिसतंय?"

ती म्हणाली, "अहो, शर्ट काखेत उसवलाय. पाचशे माणसांसमोर असेच हात वर केलेत?"

झालं! आता त्या सामन्याबद्दल एवढी एक गोष्ट तरी पक्की आहे.